जाणकाराच्या टेबलावरचे भिंग

मी एक जुने पितळी भिंग आहे, कापडाच्या इंचात किती धागे बसले ते मोजायचे. मित्रांनो, सध्या मी ज्याच्या टेबलावर पडून आहे, त्या देवेशला एकही धागा मोजता येत नाही. तरीही लोक त्याला कापडधंद्यातला जाणकार म्हणतात!

माझी उमेदीची वर्षे नारपोलीत, फखरुद्दीन शेठच्या लूम कारखान्यात गेली. दिघाशी गावच्या राहीबाई तिथे बावीस वर्षे कापड तपासत. मला कापडावर टेकवून त्या झरझर धागे मोजत. त्यांची मोजणी कधी चुकली नाही, आणि त्यांना कधी कोणी खुर्ची दिली नाही.

धंदा मंदावला तेव्हा शेठने मुंबईहून सल्लागार म्हणून देवेशला बोलावले. त्याला गादीची खुर्ची, काजू, थंड सरबत. त्याने मला उचलून दुर्बिणीसारखे डोळ्याला लावले, छताकडे पाहिले आणि म्हणाला, "डिमांड वाढणार, शेठ. पातळ कापड डबल करा."

दारात उभ्या राहीबाईंना राहवले नाही. "नका करू, शेठ. माझा भाऊ जीवन काल्हेरच्या गोदामात हमाल हाय. चार महिने झाले, आपल्याच कापडाच्या गाठी परत येतात. पातळ कापड कोनाला नको हाय, समदे जाड मांगतात."

देवेश हसला. "मावशींना मार्केट पण कळतं?"

शेठही हसले. "राहीबाई, तुम्ही तुमचं काम बघा. साहेब शिकलेले आहेत."

काळी कातडी, विटकी साडी, गावची बोली. एवढ्यावरच त्यांचे बोलणे अडाणी ठरले. देवेशचे अज्ञान मात्र इस्त्रीच्या शर्टात होते, म्हणून ते ज्ञान!

दिवाळी उलटली. पातळ कापडाचे तागे छताला टेकले. बारा लूम घणाने फोडून भंगारात गेले. सर्वांत आधी काम सुटले ते राहीबाईंचे. त्या गेल्या तेव्हा शेठने मान वर केली नाही.

मग कापड का खपले नाही, हे समजून घ्यायला शेठने कोणाला बोलावले असेल? देवेशलाच! तो गंभीरपणे म्हणाला, "ग्राहकाला जाड कापड हवं होतं."

"वा! काय अभ्यास आहे!" शेठ म्हणाले, आणि आठवण म्हणून त्यांनी मला त्याच्या हाती ठेवले.

तेव्हापासून मी त्याच्या कागदांवर वजन म्हणून पडून आहे. माझी काच धुळीने आंधळी झाली आहे. मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखे एखादे अवजार असेल, तर ते पुसा आणि ज्याला वापरता येते त्याच्या हाती द्या. त्या माणसाला बसायला खुर्ची द्या. आणि तो बोलू लागला, की हसू नका.