अडतीस हजारांचा ग्राइंडर

मी एक जुना दगडी ग्राइंडर आहे, पण जाहिरातीत लिहिले होते तितका जुना नाही. पन्नास वर्षे म्हणे. मित्रांनो, मला एकतीस वर्षे झाली आहेत, आणि त्यांतली शेवटची पाच मी एका ओसरीत गोणपाट पांघरून काढली आहेत. वय वाढवून सांगितले की मान वाढतो असे माणसांना का वाटते, देव जाणे. माझी तर त्यापायी शोभाच झाली.

माझा जन्म कोइंबतूरचा. तिथे गल्लोगल्ली माझे भाऊबंद तयार होतात. खालचा दगड काळा, वरचा लोळाही काळा, भोवती स्टीलचे भांडे, बाजूला मोटर आणि पट्टा. एका वेळी दहा लिटर पीठ मी सहज वाटत असे. रंगत्ताळ नावाच्या बाईने मला विकत घेतले आणि टेम्पोत घालून पोल्लाचीला आणले. गुरांच्या बाजाराजवळ तिचे इडलीचे दुकान होते. बैलांचे व्यापारी, नारळ उतरवणारे गडी, सूतगिरणीत कामाला जाणाऱ्या मुली, सगळे सकाळी तिच्याकडे खात. कोणी इडलीची वाहवा केली की ती मागे माझ्याकडे हात करून म्हणायची, "मला काय सांगता? त्या दगडाला सांगा."

एवढे कौतुक पुढे माझे कोणी केले नाही.

दगड वाटता वाटता झिजतो आणि गुळगुळीत होतो. मग तांदूळ त्यावरून नुसता घसरतो, बारीक होत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी किट्टुसामी नावाचा म्हातारा छिन्नी-हातोडी घेऊन यायचा आणि मला टाकी लावायचा. तासभर अंगावर टकटक चाले, ठिणग्या उडत. दुखायचे, खोटे कशाला सांगू? पण टाकी लावून झाली की अंग पुन्हा खडबडीत व्हायचे, आणि दुसऱ्या दिवशी उडदाचे पीठ असे फुलायचे की रंगत्ताळ त्यात बोट बुडवून स्वतःशीच हसायची. मित्रांनो, दगडाची तब्येत म्हणजे त्याचा खरखरीतपणा. आमच्या धंद्यात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते.

ठाऊक नव्हते फक्त रंगत्ताळच्या मुलाला. त्याचे नाव मरुदाचलम. आईने त्याला दुकानात कधी हात लावू दिला नाही, शीक म्हणाली. तो शिकला आणि बसस्थानकासमोर मोबाइलची कव्हरे विकू लागला. माणूस वाईट नाही. आईवर त्याचा जीव होता. रंगत्ताळ गेली, दुकान बंद झाले, तेव्हा भांडी, बाकडी सगळे त्याने वाटून टाकले. मला मात्र घरी आणले आणि मागच्या ओसरीत ठेवले. पहिल्या वर्षी तो अधूनमधून माझ्यावरचे गोणपाट बाजूला करून बघायचा. नंतर माझ्यावर पापडाचे डबे आले, मग जुनी छत्री, मग नारळाच्या शेंड्या.

मागच्या वर्षी त्याला फोनवर कुठलीशी जाहिरात दिसली. कोणीतरी आजीचा पितळी अडकित्ता पुरातन वस्तू म्हणून भरमसाट किमतीला विकला होता. मरुदाचलमच्या डोक्यात किडा शिरला. त्याने माझ्यावरचा पसारा काढला, मला धुतले. इथवर ठीक होते. मग त्याने फरशीला पॉलिश करणाऱ्या माणसाला बोलावले आणि माझ्या दोन्ही दगडांवर यंत्र फिरवायला सांगितले.

मी काय सांगू तुम्हाला? किट्टुसामीने एवढी वर्षे जे काम केले होते ते त्या यंत्राने अर्ध्या तासात पुसून टाकले. मी आरशासारखा चमकू लागलो. मरुदाचलमला माझ्यात स्वतःचे तोंड दिसले आणि त्याला भरून आले. बायकोला हाक मारून तो म्हणाला, "कनगवल्ली, बघ, आईचा ग्राइंडर. नवा वाटतोय की नाही?"

कनगवल्ली म्हणाली, "अहो, दगड असा चालतो का? सासूबाई तर त्याला टाकी लावून घ्यायच्या."

"ते वापरायचं असेल तेव्हा. हा ठेवा आहे, ठेवा."

त्याने माझे फोटो काढले आणि गावाच्या खरेदी-विक्रीच्या गटावर टाकले. वर लिहिले, पन्नास वर्षांचा, आईच्या हातचा, दगड आरशासारखा, उत्तम चालू स्थितीत. किंमत अडतीस हजार. नवा कोरा ग्राइंडर बावीस हजारांना हमीसकट मिळत असताना.

मरुदाचलमला फोनवर आलेले सगळे मोठ्याने वाचायची सवय होती आणि तो ओसरीतच बसायचा, म्हणून पुढचे सगळे मला कळले. पहिला निरोप खासगीत आला, तमिळसेल्वी नावाच्या बाईचा. सूतगिरणीत असताना ती रोज आमच्या दुकानात खायची. पुढे तिथल्याच वसतिगृहात ती स्वयंपाकीण झाली होती, पण वसतिगृह बंद पडले आणि आता तिला स्वतःचे इडलीचे दुकान काढायचे होते. तिने लिहिले होते, "अण्णा, रंगत्ताळ अक्कांच्या हातचं मी सहा वर्षं खाल्लंय. हाच ग्राइंडर मिळाला तर माझं नशीब. पण किंमत फार आहे. सात हजार देते, टाकीचं माझं मी बघते."

मित्रांनो, ते ऐकून माझा पट्टा आपोआप ताणला गेला असेल. मला जायचे होते. त्याच दिवशी जायचे होते.

मरुदाचलमने उत्तर लिहिले, तेही मोठ्याने वाचत वाचत. "ही तुमच्या ऐपतीची वस्तू नाही, अम्मा. ज्यांना कळतं ते घेतील."

दोन आठवडे कोणीच फिरकले नाही. मग उडुमलपेटच्या यालिनी नावाच्या तरुण मुलीने जाहिरातीखाली लिहिले की, मी घरून इडलीचे पीठ विकणार आहे, गळ्यातली साखळी मोडली आहे, उद्या पाच हजार आगाऊ पाठवते, कोणाला देऊ नका. मरुदाचलम खुशीत आला. मी मात्र हादरलो. ही पोर मला घरी नेणार, तांदूळ घालणार आणि तांदूळ तसाच गोल गोल फिरत राहणार.

तासाभरातच खाली तमिळसेल्वीचे उत्तर आले, सगळ्यांना दिसेल असे. "बाळा, पैसे पाठवू नकोस. दगडाला पॉलिश केलंय, फोटोत दिसतंय. यावर मूठभर तांदूळसुद्धा वाटला जाणार नाही. नवा बावीस हजारांना येतो. याची किंमत सात हजार, त्याच्या वर एक रुपया नाही."

ती खरे बोलली. एका पोरीचा संसार वाचला. मीही मनातल्या मनात तिला शाबासकी दिली.

पण मग झुंड आली. संध्याकाळपर्यंत दोनशे चाळीस जणांनी हसणारी तोंडे टाकली. कोणी लिहिले, याच्यासोबत ताजमहाल फुकट आहे का. कोणी मरुदाचलमच्या दुकानाचा फोटो टाकून लिहिले, कव्हरेही इथे सोन्याची मिळतात. यांतल्या एकालाही ग्राइंडर घ्यायचा नव्हता. आणि एकाने, ज्याने आमच्या दुकानात कधी पाऊलही टाकले नसेल, त्याने लिहिले की म्हातारी पिठात सोडा घालायची, मुलगा तिच्यावरच गेलाय.

तेवढे वाचून मरुदाचलमने फोन पालथा ठेवला. पुढचे त्याने वाचलेच नाही. कनगवल्ली म्हणाली, "काढून टाका ती जाहिरात आणि त्या बाईंना फोन करा. पहिल्याच दिवशी त्या सरळ बोलल्या होत्या."

"आता फोन करू? अख्ख्या गावासमोर माझं नाक कापलं तिने."

"नाक तुम्ही स्वतः पॉलिश करून ठेवलं होतं," ती म्हणाली आणि आत गेली.

पण तो हट्टाला पेटला. त्याने गटावर जाहीर करून टाकले की रविवारी दहा वाजता माझ्या घरी या, सगळ्यांसमोर पीठ वाटून दाखवतो; वाटले गेले नाही तर ग्राइंडर फुकट देतो.

रविवारी तीसेक माणसे जमली, सगळ्यांचे फोन वर. भांडायला आलेले असोत की बघायला, घरी आलेल्याला कॉफी द्यायची म्हणून कनगवल्ली पेल्यांमागून पेले आणत होती. तमिळसेल्वी कोपऱ्यात उभी होती, हातात कापडी पिशवी घेऊन. उकडा तांदूळ आदल्या संध्याकाळीच भिजत घातला होता. मरुदाचलमने तो माझ्यात ओतला आणि बटण दाबले.

पाच वर्षांनी मी फिरलो. जीव तोडून फिरलो. मला जिंकायचे होते की हरायचे होते, हे मला आजही सांगता येत नाही. हरलो तर मी तमिळसेल्वीचा होणार होतो; पण रंगत्ताळचा दगड तिच्याच अंगणात लोकांसमोर हरतो आहे, हेही सहन होत नव्हते. अर्धा तास झाला, पट्टा कुरकुरला, जळका वास आला. मरुदाचलमने बोट घालून पाहिले. अख्खे तांदूळ.

लोक हसले. मागून एक जण म्हणाला, "आईच्या इडल्याही अशाच असणार. सोड्यावर फुगवलेल्या."

तमिळसेल्वी वळली. "कोण बोललं? पुढे ये. कुठल्या साली खाल्लीस रे त्यांची इडली?" कोणी पुढे आले नाही. "मी सहा वर्षं खाल्ली आहे. पगार झाला नाही तर त्या पैसे मागायच्या नाहीत, अजून दोन वाढायच्या. दगड त्यांचा खराब नव्हता, मुलाने तो घालवला. मी किमतीबद्दल बोलले होते. अक्कांबद्दल बोलायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मरुदाचलम खाली मान घालून म्हणाला, "घेऊन जा, अम्मा. शब्द दिलाय मी."

मित्रांनो, मला वाटले की संपले, आता निघालो. पण माणसांचे काय सांगावे!

तमिळसेल्वीने पिशवी पुढे केली. "फुकट नको, अण्णा. सात हजार आणलेत. हे घ्या, मग नेते."

"सात घेतले तर हेच लोक म्हणतील, अडतीसवरून सातवर आला. फुकट न्या, नाहीतर राहू दे."

"फुकट नेलं तर हेच लोक म्हणतील, बोंबाबोंब करून लुबाडलं. दुकान काढायचंय मला या गावात."

तिने पिशवी दोनदा पुढे केली, त्याने दोनदा मागे सारली. तीस फोन दोघांकडे रोखलेले होते. त्या ओसरीत ते दोघेच असते, तर पाच मिनिटांत मी टेम्पोत चढलो असतो, हे मी पैजेवर सांगतो. तिला मी हवा होतो, त्याला मला द्यायचे होते, किंमतही दोघांना पटली होती. तरी ती रिकाम्या हाताने गेली. लोक कॉफी संपवून, पेले ओट्यावर ठेवून गेले. मी संतापाने नुसता तापलो होतो.

महिन्याभरात तमिळसेल्वीने हप्त्याने नवा ग्राइंडर घेतला आणि दुकान सुरू केले. कनगवल्ली एकदा तिथून इडल्या घेऊन आली. मरुदाचलमने चार खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्याजवळ येऊन बसला आणि त्याने नवी जाहिरात लिहिली, हळू आवाजात, एकेक शब्द वाचत. "एकतीस वर्षांचा दहा लिटरचा ग्राइंडर. दगडाला चुकून पॉलिश केले आहे, टाकी लावावी लागेल. पट्टा बदलावा लागेल. किंमत सात हजार."

इतके खरे माझ्याबद्दल कोणी कधी लिहिले नव्हते.

त्याला आता चार महिने झाले. त्या दोनशे चाळीस जणांपैकी कोणी एक अक्षर लिहिले नाही. खऱ्या किमतीत हसण्यासारखे काही नसते ना! खाली एकच ओळ आली आहे, तमिळसेल्वीची. "किंमत बरोबर आहे. दगड मी ओळखते, चांगला आहे. खुशाल घ्या." मरुदाचलमने ती ओळ तीनदा वाचली, तिसऱ्यांदा कनगवल्लीला हाक मारून.

मित्रांनो, कोणी अव्वाच्या सव्वा किंमत लावली तर आधी त्याला एकट्याला गाठून सांगा. ऐकले नाही आणि कोणी फसत असेल, तर चव्हाट्यावर सांगा, त्याला माझी ना नाही. पण वस्तूबद्दल बोला आणि त्याच्या आईला सोडा. आणि विकणाऱ्यांनो, पहिल्यांदा हळू आवाजात सांगायला येणारे माणूस परत पाठवू नका, कारण नंतर येतात ती माणसे फोन घेऊन येतात. पण माझे सगळ्यात मोठे गाऱ्हाणे तुम्हा बघ्यांविषयी आहे. किंमत चुकते तेव्हा तुम्ही शेकड्याने जमता. ती बरोबर असते, तेव्हाही कधीतरी तोंड उघडा. त्या बाईच्या ओळीखाली अजून दहा जणांनी "खरं आहे" एवढे लिहिले असते, तर आज मी कुठेतरी उडीद वाटत असतो.