दार लावलं की मी अडखळतो

मी सर्व्हर बोलतोय. नाव भारदस्त असलं तरी मी एक जुना कॉम्प्युटरच आहे. एका ऑफिसनं मला भंगारात काढलं होतं. या घरातल्या थोरल्यानं मला उचलून आणलं, धूळ झटकली, मोठी डिस्क बसवली आणि आपल्या खोलीत टेबलाखाली ठेवलं. घरातले सगळे सिनेमे, सगळे व्हिडिओ माझ्या पोटात. बाहेरच्या टीव्हीनं मागायचं, मी पाठवायचं. आई मला 'डबा' म्हणते. चालायचंच.

मग थोरला गेला. मोटारसायकलवरून कामाला निघाला, तो परत आलाच नाही.

तेव्हापासून धाकट्याला चैन नाही. उठतो, बसतो, पुन्हा रिमोट उचलतो. त्याला एकच व्हिडिओ हवा असतो. गच्चीवर थोरला पाण्याची टाकी दुरुस्त करतोय, धाकटा शूटिंग करतोय. थोरला वळतो, हसतो, बोलायला तोंड उघडतो आणि चित्र थिजतं. अर्धा शब्द येतो. पुन्हा थिजतं.

"काय म्हणाला होता तो? मला आठवत का नाही?" धाकटा ओरडतो.

एकदा म्हणाला, "क्वालिटी कमी करतो, मग पळेल." तिथंच फसला. आहे तसा व्हिडिओ द्यायला मला कष्ट नसतात. कमी करून मागितला, की तो चालता चालता नव्यानं बनवावा लागतो. माझा जीव तो केवढा! पंखा बोंबलायला लागला, अंग तापलं, आणि थोरला जास्तच अडखळू लागला.

धाकटा तरातरा खोलीत आला. माझ्या पाठीवर थाडकन एक हाणली. "नीट चाल ना! तुलाही आत्ताच मरायचंय का?"

मागोमाग आई दारापर्यंत आली. "त्याला कशाला मारतोस? त्याची वायर कुठंय?"

"कुठली?"

"टीव्हीपर्यंत जायची ती. सारखी माझ्या पायात यायची. दादा म्हणायचा, वायर नसली की डब्याला वायफायवर, भिंतीपलीकडून ओरडावं लागतं."

वायर धाकट्यानंच उपटली होती. ती आडवी यायची, दार लागायचं नाही.

"तुला ही खोली बघवत नव्हती, म्हणून काढली."

"मग लाव परत."

"दार उघडं राहील, आई."

आई म्हणाली, "राहू दे. नाहीच बघवलं तर टीव्हीकडे बघेन."

त्यानं वायर खोचली, क्वालिटी होती तशी केली. मी श्वास न घेता पाठवत राहिलो. थोरला वळला, हसला आणि सलग बोलला, "अरे माठ्या, कॅमेऱ्यावरचं बोट काढ, बोट! निम्मा मी तुझ्या बोटाखालीच गेलो!"

आई खळखळून हसली. हसता हसताच तिनं धाकट्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. त्याला हुंदका आवरेना.

"परत लावू?"

"लाव की."

आता दार उघडं असतं. धाकटा अजून स्वस्थ बसत नाही, आणि मीही. माझी डिस्क हल्ली कुरकुरते. तो ऐकतो आणि पंखा असेल म्हणून सोडून देतो. बाळा, पंखा नाही रे तो. त्या व्हिडिओची एक प्रत दुसरीकडे काढून ठेव. मीसुद्धा न सांगताच जाईन. तेवढं आधी कर.