नजीबाचं वावर

आमच्या ऐन झारूर नावाच्या गावात चौसष्ट घरं होती. लढाईत गाव सुटून पन्नास वर्षं झाली, तेव्हा निर्वासितांच्या छावणीतल्या म्हाताऱ्यांनी ठरवलं की गावाचा नकाशा काढायचा. मी छावणीच्या शाळेत शिकवते, अक्षर बरं आहे, म्हणून काढायचं काम माझ्याकडे आलं. माझा जन्म इथला, लेबनॉनचा. गाव मी पाहिलेलं नाही.

दर शुक्रवारी दुपारच्या नमाजानंतर शाळेच्या खोलीत पाच-सहा जण जमायचे. एक जुनी चादर टेबलावर पसरलेली असायची. ते सांगायचे, मी चादरीवर पेन्सिलीने काढायचे. भांडणं खूप व्हायची. रोटीची भट्टी तीन घरांत मिळून एक होती. त्यांतली एक कुठे होती यावर दोन शुक्रवार गेले. विदादमावशी म्हणाली, तिथे भट्टी नव्हती, शेणाचा ढीग होता, आणि ज्याला भट्टी आठवते त्याने त्या ढिगातलीच रोटी खाल्ली असणार.

सगळ्यांत पक्की आठवण अबू फय्यादकाकांची. गाव सुटलं तेव्हा ते एकोणीस वर्षांचे होते. कोणाच्या दाराशी अंजीर, कोणाची विहीर खारी, सगळं ते सांगायचे. स्वतःच्या घराचं विचारलं की म्हणायचे, "ते राहू दे, नंतर."

त्रेसष्ट घरं झाली. तेव्हा विदादमावशी म्हणाली, "अबू फय्याद, तुम्ही काय झाडावर राहत होतात?"

सगळे हसले. काका उठून घरी गेले आणि पुढचे दोन शुक्रवार आले नाहीत.

मी त्यांच्याकडे गेले. ते ओट्यावर बसून मुलूखियाच्या भाजीची पानं खुडत होते. मला बसायला सांगितलं, सुनेला चहा टाकायला सांगितला आणि पानं खुडता खुडताच बोलू लागले.

त्यांची आत्या नजीबा जन्मापासून बहिरी होती. लग्न झालं नव्हतं, भावाच्या घरीच राहायची. ज्या सकाळी तोफगोळे पडू लागले, ती खाली ओढ्याकडच्या वावरात भेंडी तोडत होती. तिला घेऊन ये म्हणून वडिलांनी यांना पाठवलं. हे उतारापर्यंत गेले. वाकलेली पाठ दिसली. हाक मारून उपयोग नव्हता, आणि मधल्या वाटेवर गोळे पडत होते.

"मी परत फिरलो," ते म्हणाले. "बाबांना सांगितलं, आत्या विदादच्या घरच्यांबरोबर पुढे गेली."

सरहद्द ओलांडल्यावर नजीबा सापडली नाही. विदादच्या आईने तिला वाटेत सोडलं, असं काकांच्या वडिलांनी धरलं. दोन्ही घरांचं बोलणं कित्येक वर्षं बंद होतं. विदादच्या आईला छावणीत आयुष्यभर त्यावरून टोमणे बसले. हे मलाही ठाऊक होतं. लहानपणी आम्हीही त्या म्हातारीला बहिरीवाली म्हणायचो.

"तू विदादला सांग, पोरी," काका म्हणाले.

मी नाही म्हटलं. माझ्याने ते होणार नाही, हे मी त्यांना स्पष्ट सांगितलं. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

पुढच्या शुक्रवारी ते आले. खुर्ची दिली तरी बसले नाहीत. जे मला सांगितलं होतं तेच, तेवढ्याच शब्दांत, सगळ्यांसमोर सांगितलं. विदादमावशी चादरीकडे बघत होती.

"लोकांचं ऐकून ऐकून माझ्या आईलाही तसंच आठवायला लागलं होतं," ती म्हणाली. "म्हणायची, नजीबाचा हात माझ्या हातात होता, गर्दीत सुटला. मरेपर्यंत म्हणत होती."

काकांनी मान खाली घातली. माफी मागायला त्यांनी तोंड उघडलं, तर मावशीने हाताने थांबवलं आणि मला म्हणाली, "यांचं घर काढ. पायऱ्या तीन, तोंड ओढ्याकडे."

मी काढलं. मग तिने ओढ्याअलीकडे भेंडीचं वावर काढायला लावलं. तिथे नजीबाचं नाव लिहिलं. मेल्याचं साल लिहायचं का, असं कोणीतरी विचारलं. ते कोणालाच माहीत नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी मला बरोबर घेऊन छावणीच्या कबरस्तानात गेली. आईच्या कबरीपाशी बसली, वरचा पालापाचोळा बाजूला केला आणि शेजारच्या बाईशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, "आई, ती आपल्याबरोबर नव्हतीच गं."

नकाशा पुरा व्हायला आणखी चार महिने लागले, कारण शेतांच्या हद्दी राहिल्या होत्या. काका आणि मावशी दोघंही दर शुक्रवारी येत राहिले. हद्दीबद्दल काही विचारायचं असलं तर ती मला विचारायची, मी काकांना विचारायचे, आणि ते मला सांगायचे.