घरटी एक माणूस

धर्मपालनं लाथ मारली तशी भरली घागर विहिरीच्या काठावरून गडगडत गेली, अन् घागरीमागं मथुराबाईही पडली. कपाळ दगडावर फुटलं. वैशाखातली भेगाळलेली काळी माती. पाणी प्यायली तसं रक्तही प्यायली.

"घरटी एक माणूस ठरला होता ना?" धर्मपाल ओरडत होता. "तुह्या नवऱ्यानं टोपलंभर तरी गाळ काढला काय? खायले आधी, निजाले मधी, अन् कामाले कधी कधी! तुमच्या घरले पाणी नाही!"

जुनं गाव धरणात गेलं तेव्हा आम्ही काही घरांनी दिग्रसच्या अलीकडं मिळून जागा घेतली. बौद्ध, मुसलमान, सारे एकाच आंगणाभोवती. एकमेकांच्या भिंती एकमेकांच्या हातांनी उभ्या केल्या. आंगण एक, विहीर एक, अन् सामाईक कामाले घरटी एक माणूस, असं ठरलं. हे भांडण झालं त्या वर्षी लाल्या रोगानं कपाशी उभी जळाली, विहीरही तळाला गेली. गाळ काढला नसता तर इथूनही उठावं लागलं असतं. पाळीपाळीनं साऱ्या घरांतून माणूस येत होता. मथुराबाईचा नवरा उकंडा तेवढा आला नाही. काहून नाही आला, ते त्याले कोणी विचारलं नाही.

आता तो बैलबंडीच्या कडेची लाकडी उभारी उपसून धावत आला.

"माह्या बायकोले मारतं बे?"

पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा गफ्फारभाई मधे पडला. धर्मपालच्या डोक्यावर बसणारी उभारी त्याच्या हातावर बसली. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. धर्मपालनं दगड उचलून उकंडाच्या तोंडावर हाणला अन् खाली पाडून त्याचा गळा धरला. चौघांनी ओढलं तेव्हा कुठं तो सुटला.

उकंडा रक्त थुंकत बोलला, "मांगच्या साली गाळ काढाले मी आत होतो. दोर कोनं सोडला? मी कमरेइतका गाळात फसलो, अन् तू वरून हासत होता!"

"गंमत केलती मी."

"तुह्या गमतीत माहा जीव चालला होता. पुन्हा तुह्या हाती देऊ काय तो?"

"मंग सांगाचं होतं."

"कोनाले? सारेच हासून राह्यले होते."

गफ्फारभाईले जीपमधे घालून दवाखान्यात नेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची बायको शहनाज ओढणी कमरेला खोचून विहिरीवर आली.

"आज आमच्या घरची पाळी हाय."

"भाबी, तुम्ही कायले?" धर्मपाल खाली पाहत म्हणाला. "तुमच्या घरले माफ."

"माफी कोनं मांगली? घरटी एक माणूस पाहिजे ना? मंग हेही ठरवा, का जो आला नाही त्याले आधी तोंडानं विचाराचं. लाथेनं नाही." तिनं दोर उचलून उकंडापुढं टाकला. "दोर उकंडाभाऊ धरन. आत तू उतर."

धर्मपालनं उकंडाच्या सुजलेल्या तोंडाकडं पाहिलं. नाही म्हणता येईना. कामाले न येणाऱ्याचं पाणी बंद करायची भाषा त्यानंच काढली होती. दोर छातीशी बांधून तो उतरला. कपाळाला फडकं बांधलेली मथुराबाई येऊन नवऱ्याच्या मागं दोराला लागली.

दोन-चार टोपली वर आली असतील. आत कपारीचा मुरूम ढासळला.

"वढा! वढा रे!" धर्मपाल आतून ओरडला.

उकंडानं पाय रोवले. दोर तळहातातून सरकला, कातडी सोलून निघाली, पण त्यानं सोडला नाही. मातीनं माखलेला धर्मपाल काठावर आला अन् खाली बसला.

उकंडानं त्याच्या थोबाडीत अशी ठेवली की तो आडवाच झाला.

"ही मथुराची," उकंडा म्हणाला. मग सोलल्या हातांनी त्यानं दोर सोडवून आपल्या छातीशी बांधला. "ढासळला तो मुरूम मी काढतो. भाबी, दोर तुम्ही अन् मथुरा धरा. ह्याले हात लावू देऊ नका."

तो उतरला. पहिलं टोपलं वर आलं. धर्मपाल उठला, दोरापासून लांब उभा राहिला, अन् ते टोपलं डोक्यावर घेऊन ओतायले बांधाकडं चालू लागला.