कास्टिकवर पाणी

मकबूल मिस्त्रींनी रत्नपालची उजवी पापणी अंगठ्यानं वर धरली आणि औषधाचा थेंब सोडला. बुबुळ शिजल्यासारखं पांढरं झालं होतं.

"काही दिसून राहिलं का?"

"उजेड तेवढा कळतो. तुमचं तोंड दिसत न्हाई, तेवढंच सुख."

साधना चुलीपाशी हसली. उद्यापासून नवऱ्याच्या जागी तीच जवळा बाजारच्या साबण कारखान्यात जाणार होती.

"चाचा, हिला टाकीचं सांगा," रत्नपाल म्हणाला. "मला शिकवलं तसंच."

कास्टिक सोडा पाण्यात थोडा थोडा सोडायचा. कास्टिकवर पाणी कधीच ओतायचं नाही, उसळून अंगावर येतं. मिस्त्रींनी हे इतकी वर्षं ओरडून सांगितलं होतं की कारखान्यात ते सगळ्यांना पाठ झालं होतं.

"त्या दिवशी बी म्या इसरलो न्हाई," रत्नपाल सांगू लागला. "टाकीतलं डोळ्यांत उडालं तशी संगं कामाला असलेली भिकाबाई पाण्याची बादली घेऊन पळत आली. म्या वरडलो, पाणी नको! कास्टिकवर पाणी न्हाई! नुसतं फडक्यानं पुसलं. न्हाईतर डोळे फुटलेच असते. चाचामुळं वाचले. आता हळूहळू येईल नजर."

मिस्त्रींनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना एकट्याला बाहेर बोलावून विचारलं होतं, लगेच पाण्यानं का धुतलं नाही? आता नजर येणार नाही, असंही सांगितलं होतं. घरी येऊन मिस्त्रींनी यातलं काहीच सांगितलं नव्हतं.

"सांगा की चाचा," साधना म्हणाली.

"टाकीत कास्टिकवर पाणी ओतायचं न्हाई."

"बराबर," रत्नपाल म्हणाला.

मिस्त्री कोपऱ्यातल्या रांजणाकडे बघत राहिले. मग खालच्या आवाजात म्हणाले,

"पण अंगावर उडालं, डोळ्यात गेलं, तर पाणीच. तवाच्या तवा. नळाखाली डोळे धरायचे आन् धरूनच ठेवायचे. कोणी काही बी म्हणो."

चहाचा कप साधनाच्या हातातच राहिला. तिनं मिस्त्रींकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

बाहेर सेनगावची जीप भोंगा वाजवत गेली. रत्नपालनं मान मागं टाकली आणि डावी पापणी स्वतःच्या बोटांनी उघडून धरली.

"ह्याच्यात औषध घालायचं राहिलं न्हवं, चाचा," तो म्हणाला. "टाका."