मुग्धा मॅडमचा रेकॉर्डर

मी बोलतोय. दचकू नका, माझं काम ऐकण्याचं आहे हे मलाही ठाऊक आहे. मी डॉक्टर मुग्धांचा व्हॉइस रेकॉर्डर. कारखान्यातून निघालो तेव्हा वाटलं होतं, कुठल्यातरी ऑफिसात मीटिंगा ऐकत पेंगत बसू. पण मला घेतलं एका मानसशास्त्रज्ञ बाईंनी.

काळ्या वर्णाच्या मुलांना रंगावरून हिणवलं की त्यांच्या मनाचं काय होतं, हा मॅडमचा अभ्यास. इथे आखातात राहणारी सुदानी, सोमाली, नायजेरियन मुलं डिस्कव्हरी गार्डन्स या वसाहतीतल्या त्यांच्या खोलीत येतात. बटण दाबलं जातं आणि मुलं सांगतात. स्कूलबसमध्ये शेजारी कुणी बसत नाही. लिफ्टमध्ये बायका पर्स घट्ट धरतात. चौदा वर्षं मी हेच साठवतोय. मॅडम मात्र फार छान ऐकतात, अगदी माझ्यापेक्षाही. म्हणूनच मला त्यांचा राग येतो.

सायरा सतरा वर्षांची, सुदानी, उम्म अल कुवैनमध्ये भारतीय शेजाऱ्यांत वाढलेली. वर्गातल्या चिडवण्यानं तिनं दोन महिने शाळा सोडली होती. सहाव्या भेटीत म्हणाली, "ओके, मंडे से जाऊंगी. आप गेट तक आओगे?"

मॅडम लगेच हो म्हणाल्या. इतक्यात त्यांच्या बहिणीचा, छायाताईंचा फोन आला. मी चालूच होतो.

"अगं, पोरीला दुपारी बाल्कनीत नको नेऊस, काळी पडेल! आधीच बापावर गेलीये," मॅडम हसत म्हणाल्या.

फोन ठेवला गेला. सायरा म्हणाली,

"डॉक्टर, काळी पडेल का मतलब मुझे पता है. हमारे बाजू की नर्मदा आंटी यही बोलके अपनी बेटियों को धूप से अंदर बुलाती थी. मुझे कभी नहीं बुलाया."

"अरे, वो तो बस बोलने की आदत है, बेटा," मॅडम म्हणाल्या. मग सायराची खुर्ची सरकल्याचा आवाज आणि दार.

सोमवारी मॅडम शाळेच्या गेटपाशी तासभर उभ्या होत्या. मी त्यांच्या पर्समध्ये होतो. सायरा आली नाही, नंतर फोनही उचलला नाही.

काल मॅडमनी अहवालात लिहिलं, 'मुलीने कारण न देता अभ्यासातून माघार घेतली.' लिहिताना त्या खरोखर रडत होत्या. मी तिथेच टेबलावर पडलो होतो, बॅटरी भरलेली.

मॅडम, तिनं कारण दिलंय. तुमच्यासमोर बसून, तुमच्याच भाषेतलं. एकदा प्लेचं बटण दाबा.