मेर्ले कुठं उभी होती

ओर्लांडा या गायिकेच्या कार्यक्रमाहून मेर्ले सकाळच्या पहिल्या गाडीनं परत आली, तेव्हा तिचा घसा पार बसला होता. अंगावर चंदेरी टिकल्यांचं जाकीट, गालांवर चमकी, डोळे जागरणानं तांबारलेले, आणि तोंडातून नुसती हवा. तिची आई रोस्विथा काम्पमान टपरीत सकाळचे पाव मांडत होती. जर्मनीतल्या गेल्झेनकिर्शेन शहरात, एका चौकात तिची टपरी जुनी. वर्तमानपत्रं, सिगारेटी, थंड बियर, आणि पोरांसाठी कागदी पुडीत सुटी मिठाई.

"अगं, कसा झाला कार्यक्रम? सांग तरी!"

मेर्लेनं दोन्ही हात आभाळाकडे नेले, डोळे मोठे केले, छातीवर एक थाप मारली आणि कशीबशी कुजबुजली, "आवाज येऊ दे, आई. मग सांगते. अगदी पहिल्यापासून."

"देव पावला म्हणायचा," आई म्हणाली. "दोन दिवस घरात शांतता."

आणि तिनं लेकीला मध घालून काढा करून दिला.

आवाज काही आला नाही. तिसऱ्या दिवशी सायकलवरून कामाला जाताना मेर्ले वळणाऱ्या मालट्रकखाली आली.

पोरगी गेली हे दुःख होतंच. त्याला काय, ते डोंगराएवढं. त्याच्या पायथ्याशी बसून राहायचं. पण पोरीनं काहीतरी सांगायचं राखून ठेवलं होतं आणि ते तसंच घेऊन गेली, हा सल वेगळा होता. तो रात्री कूस बदलली की टोचायचा. फोनवर मेर्लेचे जुने निरोप होते, पण ते सगळे घाईतले. दूध संपलंय, किल्ली विसरले, उशीर होईल. आनंदात असलेली मेर्ले त्यात कुठंच नव्हती. ती कार्यक्रमाच्या त्या मैदानावर राहिली होती, आणि तिथं रोस्विथा गेलेलीच नव्हती.

वर्ष उलटत आलं तेव्हा दिलारा टपरीवर आली. ही मेर्लेची मैत्रीण, शाळेपासूनची, आता केशकर्तनालयात कामाला.

"काम्पमानबाई, रविवारी आमच्या बाबांच्या बागेत या. कार्यक्रमाला वर्ष होतंय. आम्ही तिघं जमणार आहोत. त्या दिवशीचेच कपडे घालायचे आणि ज्यानं त्यानं आठवण सांगायची. ओर्लांडाच्या चाहत्यांत तशी रीतच आहे."

"मी काय सांगणार तिथं?"

"तुम्ही ऐका."

ऐकायलाच तर ती वर्षभर थांबली होती.

रविवारी दुपारी तिनं चेरीचा केक केला. भुरभुरीत साखरपिठाचा तिला जास्त चांगला जमायचा, पण तो मयतीनंतर कॉफीबरोबर देतात, म्हणून मुद्दाम चेरीचा. रेल्वेमार्गाच्या कडेनं ओळीनं छोट्या छोट्या बागा होत्या, प्रत्येकीत एक लाकडी खोपी. दिलाराचे बाबा शेगडीवर मसालेदार सॉसेज भाजत होते. दिलारानं गळ्यात गुलाबी पिसांचा हार घातला होता. पास्कल नावाचा जाडजूड गडी सोनेरी पँटमध्ये स्वतःला कोंबून बसला होता, आणि चष्मेवाला अन्सगार कोपऱ्यातल्या खुर्चीवर, अंगावर साधाच काळा सदरा.

"हा त्या दिवशीही असाच आला होता," पास्कल म्हणाला. "एवढ्या मोठ्या राणीच्या दरबारात, आणि हा जणू वीजबिल भरायला आलाय!"

"मी चित्रण करत होतो," अन्सगार म्हणाला. "टिकल्या चमकल्या की चित्र बिघडतं."

मग आठवणी सुरू झाल्या.

"दिवे गेले," पास्कल म्हणाला आणि हातातली बशी खाली ठेवली. "अख्खं मैदान काळंकुट्ट. कुणी श्वाससुद्धा घेईना. आणि वरून ती आली, आरशांच्या पाळण्यात बसून!"

"पाळणा नव्हता रे गाढवा, झुंबर होतं," दिलारा म्हणाली.

"झुंबरात कुणी बसतं का?"

"ओर्लांडा बसते! चांदीचा झगा, मागं इतका लांब पदर, आणि चेहऱ्यावर असं, की जणू तुम्ही सगळे माझ्या घरी जेवायला आलात. मग तिसऱ्या गाण्याला लाल."

"चौथ्या."

"तिसऱ्या! पंख्याआड गेली काय, लाल होऊन आली काय, डोळ्याचं पातं लवायच्या आत."

काम्पमानबाई पुढं सरकून ऐकत होत्या. झगा, झुंबर, पंखा, सगळं त्यांनी मनात नीट मांडून घेतलं, घरात पाहुणी यायच्या आधी खोली लावून ठेवावी तसं. मग विचारलं, "आणि मेर्ले?"

"मेर्ले होती ना. माझ्या उजवीकडे," दिलारा म्हणाली.

"काय करत होती?"

"नाचत होती. सगळेच नाचत होतो."

"रडली का?"

"सगळेच रडलो," पास्कल म्हणाला. "शेवटच्या गाण्याला तर पहारेकरीसुद्धा रडत होते."

सगळेच नाचले, सगळेच रडले. पाण्यात मीठ विरघळावं तशी त्यांची लेक त्या सगळ्यांत विरघळून गेली होती. काम्पमानबाईंनी दुसऱ्या बाजूनं हात घालून पाहिला.

"तिच्या जाकिटाची बाही उसवली होती. निघताना मी घाईनं टाचून दिली. टिकली का?"

"टिकली की!" पास्कल लगेच म्हणाला. "मस्त टिकली."

"खोटं बोलू नकोस," दिलारा म्हणाली. "तुझी स्वतःची पँट मागून फाटली होती ते तुला घरी जाऊन कळलं." हसता हसता तिचा चेहरा एकदम पडला. तिनं गळ्यातला पिसांचा हार काढून मांडीवर ठेवला. "काम्पमानबाई, खरं सांगू? एवढा वेळ ती माझ्या शेजारी होती आणि मी एकदाही तिच्याकडे वळून पाहिलं नाही. समोर ओर्लांडा होती ना. मेर्लेचं काय, ती तर रोजचीच, असं वाटायचं."

काम्पमानबाईंनी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. शेगडीपाशी दिलाराच्या बाबांनी चिमटा खाली ठेवला आणि पाठ करून उभे राहिले.

"थांबा, अन्सगारकडे आहे की!" पास्कलला सुचलं. "हा मेर्लेच्या पलीकडे होता, कठड्याला धरून. अख्खा कार्यक्रम आहे याच्याकडे. याची चित्रणं म्हणजे सोनं! लोक ब्राझीलमधून बघतात."

अन्सगार जागचा हलला नाही. दिलारानंच खोपीतला लॅपटॉप बाहेर आणला आणि त्याच्यापुढं ठेवला. त्यानं शेवटचं गाणं लावलं.

चित्र खरंच सुरेख होतं. ओर्लांडाच्या पापणीवरचा खडासुद्धा दिसत होता. सूर स्वच्छ, जणू ती रिकाम्या खोलीत एकटी गातेय. काम्पमानबाई पडद्याच्या कडा बघत राहिल्या. डावी कड, उजवी कड. एक केस, एक बोट, एक टिकली दिसेल म्हणून.

"ती दिसणार नाही," अन्सगार म्हणाला. "ती माझ्या खांद्याला खांदा लावून होती. फोन समोर होता."

"आवाज तरी असेल. इतकी ओरडली की घसा बसला तिचा. कुठंय?"

अन्सगारनं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाला पुसत बसला.

"हा आवाज माझ्या फोनचा नाहीये. ध्वनियंत्रांपाशी उभ्या असलेल्या एकाचा आहे. आम्ही तसं करतो. चित्र ज्याचं चांगलं त्याचं, सूर ज्याचा चांगला त्याचा, आणि दोन्ही जोडायचं. आजूबाजूची ओरड जायला हवी ना. नाहीतर कुणी बघत नाही."

"आणि तुझ्या फोनमधला?"

"त्यात मेर्ले होती. पहिल्या गाण्यापासून शेवटपर्यंत, माझ्या कानात. बेसूर. आधी मी फक्त तिचा आवाज काढून टाकायला बघितलं. दोन दिवस त्यावर बसलो, झोपलोही नाही, कारण सगळ्यांच्या आधी नेटवर टाकायचं होतं. जमेना. म्हणून अख्खा सूरच बदलला."

"मूळचं कुठंय?"

"पुसलं. फोनात जागा नव्हती." त्याचा आवाज अगदी खाली गेला. "तेव्हा ती जिवंत होती, काम्पमानबाई. मी वैतागलोही होतो तिच्यावर. म्हटलं, पुढच्या वेळी हिच्या शेजारी उभं राहायचं नाही."

पलीकडून एक आगगाडी गेली.

दिलाराला वाटलं, आता बाई उठतील, केकचं ताट उचलून चालू लागतील. कुणीही उठलं असतं. पण काम्पमानबाई खुर्ची ओढून अन्सगारच्या समोर बसल्या.

"दोन दिवस ऐकत होतास?"

"हो."

"पुन्हा पुन्हा?"

"प्रत्येक ओळ. ती कुठं घुसते, कुठं थांबते, तिथं खुणा कराव्या लागतात."

"म्हणजे तुला पाठ आहे."

अन्सगारनं मान वर केली. त्याच्या हे आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

"आहे," तो म्हणाला.

"गाऊन दाखव."

"मला गाता येत नाही."

"तिला तरी कुठं येत होतं?"

त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं. ओर्लांडा पायऱ्या उतरून पुढं आली. तिची पहिली ओळ संपत आली, आणि ती संपायच्या आतच अन्सगारनं पुढची ओळ सुरू केली, पुरुषी घोगऱ्या आवाजात, सूर सोडून, मानेच्या शिरा ताणून. वरच्या पट्टीला जाताना तो मध्येच तुटला, खाली पडला आणि "हाय, मेले!" म्हणून पुन्हा चढला. पास्कल हसला नाही. दिलारानं तोंडावर हात घेतला, कारण ते 'हाय, मेले' मेर्लेचंच होतं.

काम्पमानबाई पडद्याकडे बघतच नव्हत्या. त्या पोराच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

"अजून लवकर," त्या म्हणाल्या.

"काय?"

"तू ओळ संपत आल्यावर घेतोस. ती त्याच्याही आधी घ्यायची. भांडी घासताना ऐकलंय ना मी. तिला दम कुठं निघायचा?"

अन्सगारनं गाणं मागं नेलं. "बरोबर आहे," तो पुटपुटला. "आधी. हो, आधीच."

त्यानं पुन्हा म्हटलं.

"अजून लवकर."

पुन्हा मागं, अगदी सुरुवातीला. या वेळी पडद्यावर ओर्लांडा नुसती उभी होती, तोंड मिटून, हात पसरून, आणि वाद्यांनी सूरही धरला नव्हता. तेवढ्यात अन्सगारनं छाती भरून श्वास ओढला आणि त्या सगळ्या शांततेत एकट्यानंच गाण्याची पहिली ओळ फेकली.

"हं," काम्पमानबाई म्हणाल्या. "इथं."

गाल ओले झाले होते, ते त्यांनी पुसले नाहीत.

"आता थांबू नकोस. पुढचं म्हण."